मॉडस्लेची तिसरी प्लेट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या बालपुरवणीत इंग्रज यंत्रनिर्माता हेन्री मॉडस्लेवर लेख पाहून आनंद झाला, कारण लेथवर, म्हणजे वस्तू फिरती ठेवून कातण्याच्या यंत्रावर, आयुष्य काढलेल्या माणसांनाही हे नाव सहसा ठाऊक नसते. परंतु ‘मॉडस्लेने लेथचा शोध लावला’ हे शीर्षक वाचताच चौथीतल्या नातीने विचारले, “आजोबा, मग त्याच्याआधी कातारी लाकडाची खेळणी कशावर करायचे?” हा प्रश्न आपल्याकडे छापण्यापूर्वी कोणालाच पडला नाही, याचे मला वाईट वाटले आणि रागही आला.

लेथ फार प्राचीन आहे. मॉडस्लेने १८०० च्या सुमारास केले ते असे, की कारागिराच्या हातातले हत्यार त्याने सरकत्या बैठकीत घट्ट बसवले, ती बैठक लीड स्क्रूने, म्हणजे आटे पाडलेल्या लांब दांड्याने, चालवली आणि गिअर बदलून हवे तसे आटे पाडण्याची सोय केली. यातले भाग सुटे सुटे इतरांनीही केले होते. ते एका भक्कम धातूच्या यंत्रात आणून रोजच्या कामाला जुंपणे, हे श्रेय त्याचे. त्यापूर्वी एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे, म्हणून जोडीवर खुणा कराव्या लागत. एवढे जरी लिहिले असते, तरी मुलांना सगळे समजले असते.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. इंचाचा दहाहजारावा भाग मोजणाऱ्या त्याच्या ‘लॉर्ड चॅन्सेलर’ मायक्रोमीटरचे कौतुक लेखात आहे, पण इतकी अचूकता आली कोठून, यावर एक अक्षर नाही. ती सपाट पृष्ठभागापासून सुरू होते. मॉडस्लेच्या कारखान्यात कामगारांच्या बाकावर सरफेस प्लेट, म्हणजे सपाटपणा तपासायची धातूची प्लेट, असे, आणि अशा प्लेटा तीन-तीन एकत्र तयार करीत. तीनच का, हे मी आयटीआयत फिटरचे शिक्षण घेताना शिकलो. तीन आठवडे कानस आणि स्क्रॅपर चालवून मी दोन प्लेटा अशा जुळवल्या, की एकीला लावलेला निळा रंग दुसरीवर सगळीकडे सारखा उमटला. मी समाधानाने गुरुजींना दाखवायला गेलो. त्यांनी काही न बोलता निळा रंग लावलेली तिसरी प्लेट आणून आधी एकीवर, मग दुसरीवर टेकवली. एकीच्या फक्त मध्यावर रंग लागला, दुसरीच्या फक्त कडांना. एक फुगीर होती, दुसरी तितकीच खोलगट, आणि म्हणूनच त्या एकमेकींशी बिनचूक जुळत होत्या. तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या तरच तिन्ही सपाट, हे त्या दिवशी जे डोक्यात बसले ते आज सत्तरीतही तसेच आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे तीन चित्रांत दाखवता येते. त्या जागी आपण आजच्या संगणकचालित यंत्राचे अर्धे पान भरेल एवढे छायाचित्र छापले आहे.

बाराव्या वर्षी लंडनजवळच्या वुलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरणारा हा मुलगा पुढे व्हिटवर्थ आणि नॅस्मिथ यांच्यासारख्या अभियंत्यांना घडवणारा उस्ताद झाला. कृपया पुढच्या अंकात शीर्षकाची दुरुस्ती आणि तीन प्लेटांची आकृती द्यावी.

आणखी एक विनंती. पुरवणीतला मजकूर गडद जांभळ्या रंगावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापू नये. नातीला तो वाचता आला नाही, मलाच भिंग घेऊन मोठ्याने वाचून दाखवावा लागला.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, चिंचवड