ओटा फोडू नकोस

उदगीर

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. अश्विनीनं व्हिडिओ पाठवला, त्यात तरी कोपरे दिसले. सिडकोचं जुनं घर, सात बाय आठचं स्वयंपाकघर, आणि तो मॉड्युलरवाला दीड लाख मागायलाय. तुझ्याकडं आहेत पंचवीस हजार. मग त्याला घरात घेतलाच कशाला, असं तुझी आई म्हणती. पंचवीस हजारांत तुझं काम होतंय. फक्त ओटा फोडू नकोस.

माझा जन्म थापी धरण्यात गेला म्हणून सांगतो. ओटा फोडला की आधी फोडायची मजुरी, मग राडारोडा उचलायला टेम्पो, मग नळाची लाइन हलते, मागची भिंत उकलते. नवीन ओटा वाळेपर्यंत तुम्ही डबा लावून जेवणार, तो खर्च कुणी धरतच नाही. कडप्पा तडकलेला नसेल तर राहू दे. उंची तेवढी तपास. ओट्यापाशी उभं राहून कोपर वाकवायचं. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला की कंबर धरत नाही. अश्विनीबरोबर तूही उभा राहून बघ. भांडी तूच घासतोस असं ऐकलंय, ऐकून बरं वाटलं.

कडप्पा पांढुरका पडलाय. त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचं ॲसिड बिलकूल घालू नका. तो चुनखडीचाच दगड, आंबट लागलं की खातो. साबणाच्या पाण्यानं घासायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि आपल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन पुसून घ्यायचा. काळा होतो की नाही बघ. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, ती आतून तापते. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळव.

आता खरा मुद्दा. सिंकच्या खाली भिंतीचे पोपडे निघालेत, ते फोटोत तू लपवलेस पण व्हिडिओत दिसले. पैसा आधी तिथं घाल. सिंकचं भोक बंद करून पाणी भर आणि खाली कोरडा पेपर अंथर. घटकाभरानं पाणी एकदम सोड. पेपर भिजला तर कपलिंग नाहीतर पाइप गळतोय. ते स्वस्तात निभतं. कोरडा राहिला तर ओट्यावर भिंतीच्या कडेनं तांब्याभर पाणी हळूहळू सोडून पुन्हा बघ. बहुतेक करून ओटा आणि भिंतीमधला सांधाच गळत असतो. जुना माल खरवडून काढायचा, फट सुकू द्यायची, मग सिलिकॉन भरायचं. नुसतं वरून व्हाइट सिमेंट फासून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

भिंत वाळल्याशिवाय पुट्टी नाही. ओल्या भिंतीवरची पुट्टी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे. शेगडीमागच्या तेलकट भिंतीवर तर रंग धरतच नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ती आधी धुवा, हातात मोजे घालून. मग पॉलिश पेपर, प्रायमर आणि वरून ऑइल पेंट. तो पुसता येतो. टाइल्स काढायच्या भानगडीत पडू नकोस. रुपयाच्या नाण्यानं प्रत्येक टाइल वाजव. पोकळ वाजल्या तेवढ्याच बदल. दुकानात उरलेले खोके अर्ध्या भावात देतात, रंग जुळला नाही तर नक्षी म्हणून खपव.

उजेडाचं सांगायचं राहिलं. ट्यूब पाठीमागं आहे, म्हणून विळीवर तुमचीच सावली पडते. वीस वॅटची एलईडी पट्टी माळ्याच्या खालच्या कडेला, ओट्याच्या बरोबर वर लाव. जुनी चाळीसची ट्यूब काढून टाक. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं पुनर्वसनाच्या कामावर होतो, तेव्हा बायका खोली बघायला आल्या की आधी उजेड कुठून येतो ते बघायच्या. माळवदाच्या झरोक्याखाली धुरात डोळे चोळून जन्म काढलेला. त्यांना रंगाचं काय कौतुक?

ओट्याखालची दारं वाळवीनं खाल्लीत तर काढून टाक, जाड कापडाचा पडदा लाव, शेगडीखालचा भाग सोडून. सिलिंडर बंद कपाटात कोंडायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. तळाशी हवा खेळती पाहिजे. नळीवरची तारीखही वाच. आणि जायकवाडी धरण भरलं तरी तुमच्याकडं नळ रोज येत नाही, तेव्हा पिंपाची जागा आत्ताच धर. मॉड्युलरवाल्याच्या चित्रात पिंप होतं का? नव्हतं. मांडणी मी लातूरला गंजगोलाईतून स्टीलची घेतो, माप कळव.

रंग कोणता ते अश्विनीनं ठरवावं. आईचं म्हणणं पोपटी, ते मनावर घेऊ नका.

खिडकीचं माप लवकर पाठव, चौकटीच्या आतून आतून घे. डासांची जाळी इथं बनवून घेतो आणि येताना घेऊनच येतो. गळती तोवर तपासून ठेव, मजूर लावू नकोस, सांधा मीच भरणार.

तुझा,
अण्णा