कंपनीतून, पण अजून नोकरी नाही

बजाजनगर, वाळूज
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा. ऑपरेशननंतर तिच्या डोळ्याला अजून महिनाभर ताण द्यायचा नाही. आणि पारावर नेऊ नका, घरातच वाचा. हे फोनवर बोलायचा मी तीनदा प्रयत्न केला. पण फोन केला की तुमच्याजवळ कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि तुम्ही त्याला सांगता, “आमच्या धाकटीचा फोन आहे, कंपनीतून.” तुमच्या आवाजातला आनंद ऐकला की पुढचं माझ्या तोंडून निघत नाही.

मी अजून नोकरीला लागलेले नाही. मी अप्रेंटिस आहे, म्हणजे शिकाऊ उमेदवार. जूनमध्ये मी हे सांगितलं होतं, पण त्या दिवशी घरात पेढे वाटणं चाललं होतं आणि मीही जोर देऊन बोलले नाही. ती चूक माझी. परवा आईनं सांगितलं की एक स्थळ आलंय आणि त्यांना “पोरगी पर्मनंट आहे” असं कळवलंय. शिवाय सप्टेंबरच्या पावसात पडलेली मागची भिंत पक्की बांधायला तुम्ही कर्ज काढणार आहात, हप्ते माझ्या पगारातून जातील या हिशेबानं. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

म्हणून नीट लिहिते. आमचा करार एक वर्षाचा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे, त्याखाली तो नोंदवलेला आहे. बाबा, तुमचा जन्मही त्याच सालचा. आधी हा कायदा मुख्यतः आयटीआयवाल्यांसाठी, फिटर-टर्नरसाठी होता. पुढे इंजिनिअर आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर माझ्यासारख्या बी.कॉम.वाल्यांनाही वाट मोकळी झाली. मला मिळतो तो पगार नाही, विद्यावेतन आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला कमीत कमी ९,००० रुपये ठरले, त्यातले ४,५०० सरकार देतं. आमची कंपनी वर थोडी भर घालते. त्यातून खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे गेले की तुम्हाला पाठवते तेवढेच उरतात. कायद्यानं मी कामगार नाही, शिकणारी आहे. पीएफ कापला जात नाही. वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मिळेल, पण नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. मागच्या वर्षीच्या मुलांपैकी काहींना घेतलं, काहींना नाही.

यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही. स्थळवाल्यांना असंच सांगा. तरी ते थांबले तर बरं, नाहीतर त्यांची वाट वेगळी. आणि कर्ज मात्र आत्ता काढू नका. उन्हाळ्यापर्यंत मागच्या बाजूला पत्रे लावून भागेल, मी येऊन स्वतः बघेन.

आता कामाचं. तुम्ही विचारता, “दिवसभर करतेस काय?” आणि मी म्हणते, “कॉम्प्युटरवर असते.” एवढ्यानं काही कळत नाही, खरं आहे.

सकाळी कामगार चौकात कंपनीच्या बसेस लागतात. पहिल्या पाळीची माणसं अंधारातच डबे घेऊन उभी असतात, मी जनरलची, साडेआठची. त्या गर्दीत उभी राहिले की मला दरवेळी तुमची आठवण होते, बाबा. १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर गावोगावची पोरं वाळूजला आली, त्यात तुम्हीही होता. चोवीस-पंचवीस वर्षांचे. तीन महिने हेल्परचं काम केलंत आणि आजोबा गेले म्हणून वावर सांभाळायला परत गेलात. त्याबद्दल तुम्ही कधी हळहळ बोलून दाखवली नाही. आम्ही राहतो तिथून रांजणगाव शेणपुंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी कामगारांची रीघ लागते. तुम्ही तेव्हा कुठे राहत होता, ते मला एकदा सांगा. जाऊन बघेन.

पहिले तीन महिने मी स्टोअरला होते. मध्ये एक महिना डिस्पॅचला. तिथे गाड्या, चलनं, ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाइन काढलेला कागद. माल पन्नास हजारांच्या वरचा असला आणि राज्याबाहेर चालला असला की ते बिल लागतंच. त्याची मुदत साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस, आणि वाटेत गाडी बिघडून मुदत संपत आली की ती वाढवून घेण्यासाठी रात्री धावपळ होते. सध्या अकाउंट्समध्ये आहे, आणि इथलंच एक तुम्हाला सांगायचंय.

बाबा, तुम्ही सोयाबीन मोंढ्यात नेता तेव्हा आधी काटा होतो, मग ओल बघतात, मग आडत्या हिशेबपट्टी करून देतो. कंपनीतही तसंच आहे, फक्त कागद तीन. एक पर्चेस ऑर्डर: आम्ही काय मागवलं, किती, कोणत्या भावानं. दुसरी मालाच्या आवकेची नोंद, तिला इथे जीआरएन म्हणतात: दारात खरंच काय आलं आणि क्वालिटीवाल्यांनी त्यातलं किती पास केलं. तिसरं सप्लायरचं बिल. पाचशे नग मागवले, चारशे ऐंशी पास झाले आणि बिल पाचशेचं आलं, तर कॉम्प्युटर ते बिल अडवून ठेवतो. भावात थोडाही फरक पडला तरी तेच. तिन्ही कागद जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. हे मला फार आवडलं. मोंढ्यात तुमच्या हातात एकच कागद येतो आणि तोही समोरच्यानं लिहिलेला. ओल बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून त्यानं क्विंटलमागे कापलं, तर ते पडताळून बघायला तुमच्याकडे काहीच नसतं.

पण याच जागेवर माझ्या हातून चूक झाली.

इथल्याच एका लहान शेडमध्ये एक काका पॅकिंगचे खोके बनवतात. सहा-सात माणसं असतील त्यांच्याकडे. त्यांच्या ऑर्डरमध्ये दोन ओळी होत्या, मोठा खोका आणि लहान खोका. मी स्टोअरला असताना त्यांचा माल आला, तेव्हा मोठ्या खोक्यांची आवक मी लहान खोक्यांच्या ओळीत चढवली. नग बरोबर, ओळ चुकीची. त्यामुळे त्यांचं बिल भावात जुळेना आणि अडकून बसलं. अकाउंट्सला वाटलं बिलच चुकलंय, त्यांनी ते बाजूला ठेवलं. काकांना कुणी काही कळवलं नाही. पुढे माझी अकाउंट्सला बदली झाली.

एक दिवस गेटवरून फोन आला की सप्लायर भेटायला आलेत, आणि आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी मला पाठवलं. काका सिक्युरिटीच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बिलाच्या झेरॉक्स. ते रागावले नाहीत. उठून उभेच राहिले माझ्यासमोर, तुमच्याएवढा माणूस, आणि म्हणाले, “ताई, आमचं बिल कुठवर आलं तेवढं बघता का? पोरांचे पगार करायचेत.”

आई, तुला आठवतं? मी चौथीत असेन. बाबांनी मला मोंढ्यात नेलं होतं, येताना शाळेचे बूट घ्यायचे होते. आडत दुकानाच्या बाहेर असाच बाक होता. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही त्यावर बसलो. आतला माणूस दोनदा बाहेर येऊन “परवा या” म्हणाला आणि बाबांनी दोन्ही वेळेला मान डोलावली. बूट न घेताच आम्ही एसटीनं परत आलो. बाबा वाटेत माझ्याशी काहीच बोलले नाहीत. मला तेव्हा बुटांचं वाईट वाटलं होतं. त्या दिवशी गेटवर मला बाबांची ती डोलावलेली मान दिसली, आणि या वेळी बाकावर बसवणारी मी होते.

वर येऊन मी तिन्ही कागद समोर ठेवले. अर्ध्या तासात चूक सापडली, नोंदीखाली माझंच नाव होतं. पोटात गोळा आला. अप्रेंटिसची चूक वर कळली तर प्रमाणपत्रावर, पुढच्या निवडीवर परिणाम होईल, असं आमच्या खोलीतल्या मुली म्हणतात. तरी मी मॅडमकडे जाऊन सांगितलं. त्यांनी आधी स्टोअरला फोन लावला, सुपरवायझरची सही घेऊन जुनी नोंद रद्द करायला लावली, नवी करायला लावली. मग मला बसवून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली जी कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. आणि १ एप्रिल २०२४ पासून असंही झालंय की ते पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. मी विचारलं, “मग आता नव्या नोंदीपासून दिवस मोजायचे का?” मॅडम म्हणाल्या, “नाही. माल ज्या दिवशी घेतला त्या दिवसापासून. चूक आपली, तिचे दिवस त्यांच्या माथी मारायचे नाहीत.”

काकांचे पैसे त्या आठवड्यात गेले. मी स्वतः फोन करून सांगितलं. बिल अडकण्याचं कारण माझी नोंद होती, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “सांगितलंत, बरं वाटलं. आम्ही आमच्याच कागदात चूक शोधत होतो.”

तेव्हापासून मी एक वही केलीय. अडकलेली बिलं, कुणाची, किती दिवसांची, कशामुळे. दर सोमवारी मॅडमसमोर ठेवते. हे काम मला कुणी दिलेलं नाही, पण आता मॅडम स्वतःच सोमवारी वही मागतात. मला पुढे ठेवून घेतील की नाही, याचा यावरून अंदाज बांधता येत नाही, आणि तुम्हीही बांधू नका. पण हे काम मला येतंय, आणि इथे नाही तर शेंद्र्याला किंवा जालन्याला, कुठल्याही कारखान्यात हेच तीन कागद असतात.

आई, तू पाठवलेला येसर मसाला संपला. आमच्या खोलीतली लातूरची मुलगी म्हणते, तिच्या आईपेक्षा तुझा चांगला आहे. धपाटे मात्र पाठवू नको, तीन दिवसांत वाळतात, त्यापायी चुलीपुढे बसू नको. थेंब दिवसातून चार वेळा, हात धुऊन. बाबा, गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्या, रिकाम्या पोटी नको.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारला जोडून सुट्टी आहे. शुक्रवारी कामावरून सुटल्यावर परभणीची गाडी पकडेन. तोवर एक करा: गेल्या तीन वर्षांच्या मोंढ्याच्या हिशेबपट्ट्या कोनाड्यातल्या डब्यात असतील, त्या काढून ठेवा. कट्टे किती नेले होते, घरी वजन किती भरलं होतं, हमाली-तोलाई किती कापली, आठवेल तेवढं मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा. मी आले की आपण बसून जुळवून बघू.

तुमची,
धाकटी