पिल्लू शनिवारी येतंय तर

नाशिक, डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय सुहास,

कॉर्न स्नेकचं पिल्लू शनिवारी येतंय, काय काय आणू, असं तू फोनवर विचारलंस. तोंडी सांगितलेले आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून बैजवार लिहून पाठवतोय. हे पत्र टबशेजारच्या भिंतीवर चिकटवून ठेवलंस तरी चालेल.

पिल्लू जेमतेम फूटभर लांब आणि पेन्सिलीहून बारीक असेल. वजन सहा-सात ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या पिवळ्या नाण्याएवढं. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जिथला हा साप मूळचा, तिथे एवढ्याशा पिल्लाला पक्षी, मोठे साप, सगळेच खातात. त्यामुळे वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी मरण. त्याला पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी हव्यात, ऊब आणि एकांत. सुहास, तू प्रेमळ माणूस आहेस, म्हणूनच बजावतोय. सारखं झाकण उघडून बघू नकोस.

काचेची मोठी टाकी आत्ता घेऊ नकोस. उघड्यावर पडल्यासारखं वाटलं की पिल्लू खात नाही. क्लिपांनी घट्ट बसणाऱ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा टब आण, साधारण ४० बाय २५ सेंटिमीटर तळाचा. दोन्ही बाजूंना सोल्डरिंगच्या गनने तीन मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाड, आतून बाहेर, म्हणजे धारदार कडा बाहेर राहतील. यापेक्षा मोठं भोक नको. जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं, आणि झाकण एका कोपऱ्यात जरी सैल असलं तरी रात्रीत ते तेवढी जागा शोधून काढतं.

टबच्या एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आणि मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारं यंत्र. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायचीच नाही. ती तापत जाते, पिल्लू वेळेत जागा सोडत नाही आणि पोटाचे खवले भाजतात. सेन्सर टब आणि मॅट यांच्या मध्ये टेपने चिकटव. टबच्या आत नको, तिथे पाणी सांडलं की तो चुकीचं तापमान वाचतो आणि मॅट तापतच राहते. उबेच्या बाजूला आतल्या तळाचं तापमान २९ ते ३१ अंश, गार बाजूला २३ ते २५. थर्मोस्टॅटवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नकोस, वायरचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून ताडून बघ. पिल्लू आणण्याआधी दोन दिवस रिकामा टब असाच चालू ठेव.

दोन्ही बाजूंना एकेक लपायची जागा हवी. एकच ठेवलीस, तर लपण्यासाठी त्याला ऊब सोडावी लागेल, आणि ते ऊब सोडेल पण लपणं सोडणार नाही. मग खाल्लेलं पचत नाही. महागड्या हाईडची गरज नाही. नारळाची अर्धी करवंटी घे, कडेला बोटभर खाच पाड, आतून-बाहेरून सँडपेपर मार, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळव. आत वेटोळं घातल्यावर अंग करवंटीला टेकलं पाहिजे, ऐसपैस जागा त्याला नको असते. पाण्याला जड, बुटकी वाटी ठेव आणि पाणी रोज बदल.

तळाला पहिला महिना किचन टॉवेलचा कागद पुरे. विष्ठा, उलटी, माइट्स (सापाच्या अंगावरचे बारीक परजीवी किडे), सगळं त्यावर लगेच दिसतं. नंतर अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा मिळाला तर उत्तम. सुताराकडचा भुसा मात्र फुकट मिळाला तरी आणू नकोस. त्यात देवदार किंवा पाइन असू शकतं, आणि त्या लाकडांतल्या वासाच्या तेलाने सापाच्या श्वसनाला त्रास होतो.

आता खाणं, कारण नवखे लोक इथेच घाबरतात. आल्यावर पाच ते सात दिवस काहीच द्यायचं नाही. मग गोठवलेली पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, दोन-तीन ग्रॅमचं. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, फार तर दीडपट. आदल्या रात्री पिंकी झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. संध्याकाळी पिशवीसकट चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडव. मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणीही नको, पोट फुटतं. बाहेर काढून कोरडी पुस आणि बोटाने दाबून बघ, मधोमध गार कडक गाठ लागली तर अजून वितळलेली नाही. मग लांब चिमट्याने कमरेजवळ धरून करवंटीच्या तोंडाशी आण आणि हात स्थिर ठेव. जीभ भराभर लवलवायला लागेल, मान इंग्रजी एससारखी वळेल, आणि झडप घालेल. झडप घालून वेटोळं घातलं की चिमटा सोडायचा आणि अजिबात हलायचं नाही. गिळताना दचकलं तर टाकून देतं.

चिमट्याला घाबरलं तर पिंकी करवंटीच्या तोंडाशी ठेव, दिवा बंद कर, सकाळी बघ. सकाळी तशीच असेल तर फेकून द्यायची, पुन्हा गोठवायची नाही. पुढचा प्रयत्न पाच दिवसांनी. तेव्हा पिंकीच्या डोक्याला सुईने बारीक टोच, त्या वासाने बरीच हट्टी पिल्लं खातात. रानात ही पिल्लं सरडे-पाली खातात, म्हणून कुणी तुला पाल चोळून द्यायला सांगेल. घरातल्या पालीच्या अंगावर कुठले परजीवी असतील याचा भरवसा नाही, ते करू नकोस.

वजनासाठी सराफ बाजारात वापरतात तसा ०.१ ग्रॅम मोजणारा काटा घे आणि आठवड्याला एकदा वहीत लिही. पंधरा ग्रॅमपर्यंत पाच-सहा दिवसांनी एक पिंकी, पुढे तीसपर्यंत दोन लहान किंवा एक मोठी, तीसच्या पुढे आठवड्याला एक केस फुटू लागलेली फझी. तीन आठवडे काहीच खाल्लं नाही किंवा वजन दहा टक्क्यांनी घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ने. असे डॉक्टर कमी असतात, शनिवारच्या आत पत्ता आणि वेळ विचारून ठेव.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. हात लावला, टब गार पडला किंवा घास मोठा झाला, तर उलटी होते. साप उलटी करतो तेव्हा पोटातला पाचक रस आणि पाणीही जातं, आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. लगेच दुसरी पिंकी देणं ही यातली सर्वांत मोठी चूक. कमीत कमी दहा दिवस थांब, तापमान तपास, मग नेहमीच्या निम्म्या आकाराची दे. पुन्हा उलटी झाली तर विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे.

आपल्या नाशिकच्या हवेबद्दल वेगळं सांगायला हवं. आता डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. मॅट तळ तापवते, हवा तापवत नाही. टबला तीन बाजूंनी आणि वरून थर्माकोल लाव, भोकं मोकळी ठेव. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असा मेसेज आला तर आदल्या दोन दिवसांत खायला देऊ नकोस. अचानक गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबला बाहेरून टेकव, दोन-तीन तासांनी पाणी बदल.

एप्रिल-मेमध्ये उलटा प्रश्न. खोली ३३ च्या वर गेली की मॅट बंद, टब खालच्या फरशीवर, उत्तरेकडच्या खोलीत. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाहेरून एका बाजूला टेकव. थंडी पिल्लू काही वेळ सोसतं, उन्हाळा सोसत नाही, काही तासांत दगावतं. पावसाळ्यात आर्द्रता चढते, एरवी ४० ते ६० टक्के बरी. तेव्हा कागद रोज बदल आणि पोट बघ. तिथे काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. त्यांच्यात तपकिरी डाग किंवा पाण्याने भरलेले फोड दिसले तर ओलीने खवले सडायला लागले आहेत, ते घरी बरं करायचा प्रयत्न नको.

कात साधारण चार ते सहा आठवड्यांनी. रंग मळकट होतो, डोळे दुधाळ-निळे होतात, मग अचानक डोळे स्वच्छ होतात आणि तीन-चार दिवसांनी कात पडते. या काळात खायला देऊ नकोस, उचलू नकोस. ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला छोटा डबा भोक पाडून आत ठेव. कात पडली की तळहातावर उलगडून बघ, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी असते. दोन्ही डोळ्यांच्या गोल चकत्या आणि शेपटीचं टोक त्यात असलं पाहिजे. टोकाला जुनी कात अडकून राहिली तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. ओल्या कोमट टॉवेलात अर्धा तास ठेव, आपोआप सुटते. डोळ्यावरची मात्र कधीच ओढायची नाही.

तीनदा नीट खाल्लं की हातात घे, पाच मिनिटं, बाजूने, खालून आधार देऊन. ते कागदावर शेपटी फडफडवेल, कदाचित घाण वास सोडेल, चावेलही. विष नाही, दात टाचणीच्या टोकाएवढे. तो राग नसतो, भीती असते. नंतर साबणाने हात धू आणि वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नकोस, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाण्याच्या वाटीत खसखशीएवढे काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, त्याच दिवशी मला कळव.

नागपंचमीला शेजारच्या काकू दूध घेऊन येतील. त्यांना प्रेमाने सांग की साप दूध पचवू शकत नाही. आणि विकणाऱ्याकडून बिल, शिवाय पिल्लू बंदिवासात जन्मल्याचं लेखी घे. परदेशी प्राण्यांसाठी सध्या काय नोंदणी लागते ते वनविभागाच्या कार्यालयात विचारून घे. धामण, तस्कर असे आपले देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कुणी तसं पिल्लू स्वस्तात देऊ केलं तर दारातूनच परत पाठव. हे पिल्लू पंधरा-वीस वर्षं जगतं, चार-पाच फूट होतं. कधी सांभाळणं जमेनासं झालं तर मला सांग, पण पांडवलेणीच्या डोंगरावर सोडायचा विचारही करू नकोस.

शुक्रवारी रात्री दोन्ही बाजूंचं तापमान मोजून मला पाठव. गार बाजू २३ च्या खाली असेल तर माझ्याकडे थर्माकोलच्या शीट पडल्या आहेत, सकाळी घेऊन येतो.

तुझा,
अनिरुद्ध