रिडेव्हलपमेंटला हो म्हणा, पण आमच्यासाठी नको

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं, बाबा चिडले आणि आईने विषय गवारीच्या भावावर नेला, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. लांबलंय जरा, प्रिंट काढून घ्या, मोबाइलवर डोळे फोडत बसू नका.

आधी हे क्लिअर करते की बिल्डिंग पाडायला माझा विरोध नाहीये. दादाने तुम्हाला तसं सांगितलं असेल तर त्याने अर्धंच ऐकलंय. 1984 ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाथरूमच्या छतातून पाणी, दर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगचा खर्च आणि पावसाळ्यात तेच परत. बाबा, तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर चपलेत खडा गेल्यासारखं करून थांबता ना, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात भाजीची पिशवी, तो खडा कधीच सापडत नाही हे सगळ्या सोसायटीला माहितीये. लिफ्ट पाहिजे म्हणजे पाहिजेच.

माझं डोकं फिरलं ते "आमचं आता काय राहिलंय, तुम्हा दोघांनाच होईल" या वाक्याने. कारण तिथून पुढे सगळा हिशोबच चुकत जातो. बिल्डर आपल्याला 35 टक्के वाढीव देतोय, म्हणजे 560 चे साधारण 756 स्क्वेअर फूट कार्पेट, तुम्हा दोघांना ते भरपूर झालं. पण त्याचा माणूस घरी येऊन सांगून गेला की अजून 200 फूट विकत घ्या, मेंबरांना स्पेशल रेट, फुटाला फक्त बारा हजार, मुलं-नातवंडं आली की थ्री बीएचके लागेलच. बारा हजार गुणिले 200, चोवीस लाख होतात हो बाबा. एफडी मोडून. आज त्या एफडीवर सात टक्के धरले तरी महिन्याला चौदा हजार येतात, त्यात तुमची औषधं, कामवाल्या मावशी आणि वर्षातून एक ट्रिप निघते. आणि ही तिसरी बेडरूम कुणासाठी? दादा ब्रॅम्प्टनहून दोन वर्षांनी एकदा तीन आठवडे येतो आणि त्यातला एक आठवडा सासरी असतो, मी बंगलोरहून आले तरी हॉलमध्ये गादी टाकून आईशी रात्री दोनपर्यंत गप्पा मारत पडते. त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि दिवाळीची माळ पडून राहणार, बाकी काही नाही.

आमच्या नावावर काय येईल ते येईल, दोघांची आपापली घरं आहेत, हप्ते फेडतोय, रडत का होईना. दादाशी बोललेय मी, त्याचंही हेच म्हणणं आहे, फक्त तो तुमच्यासमोर बोलत नाही.

आता शेजारच्या सोसायटीला 45 टक्के मिळाले आणि आपल्याला 35 च का, यावर बाबांनी कमिटीत जो वाद घातलाय त्याबद्दल. बाबा, त्यात सेक्रेटरी काकांनी पैसे खाल्लेले नाहीत. किमान त्या दहा टक्क्यांत तरी नाही. 2020 च्या डिसेंबरपासून बांधकामाची जी नवीन नियमावली आली, यूडीसीपीआर म्हणतात ती, त्यात रस्ता जितका रुंद तितका टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, जास्त वापरता येतो, आणि 9 मीटरच्या आतला रस्ता असेल तर टीडीआर जवळपास विसराच. त्यांची सोसायटी मोठ्या रस्त्याला लागून आहे, आपण आतल्या गल्लीत. शिवाय त्यांचा प्लॉट मोठा आणि फ्लॅट कमी, म्हणजे बिल्डरला विकायला जास्त उरतात आणि तो वाटायला मोकळा. टक्केवारी जी ठरते ती यावरच. म्हणून दुसऱ्यांचे टक्के बघून मान तुकवूही नका आणि भांडूही नका, आपल्या प्लॉटचा फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे इथे किती बांधता येईल आणि किती परवडेल याचा हिशोब, काय म्हणतो ते विचारा. तो आर्किटेक्टकडून सोसायटीने स्वतः करून घ्यायचा असतो, बिल्डरने दिलेला रिपोर्ट म्हणजे नवऱ्या मुलाकडून आलेली पत्रिका.

मला जास्त काळजी बिल्डिंग पाडून नवी होईपर्यंतच्या मधल्या तीन वर्षांची आहे. कोथरूडमध्ये आत्ता काय चाललंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघताय, डहाणूकर कॉलनी घ्या, मयूर कॉलनी घ्या, एका गल्लीत दोन-दोन ठिकाणी पत्रे लागलेत, सकाळी सातला ब्रेकर सुरू, काँक्रीटचा मिक्सर गल्लीत शिरला की स्कूल बस अडकते आणि दूधवाला मागे फिरतो. मेट्रो वनाझपासून 6 मार्च 2022 ला सुरू झाली, चांदणी चौकाचा नवा पूल 12 ऑगस्ट 2023 ला, आणि ज्याला त्याला कोथरूडच पाहिजे झालं. ऐंशीच्या दशकात आजोबा म्हणाले होते की एवढ्या लांब कोण राहायला जातं, पेठ सोडून रानात. असो. पण एवढ्या सोसायट्या एकदम रिकाम्या होतात म्हटल्यावर ती सगळी माणसं भाड्याचं घर याच दोन किलोमीटरमध्ये शोधणार ना? आणि ज्याच्याकडे लिफ्टवाला टू बीएचके आहे तो मागेल ते भाडं घेतोय. बिल्डर जे भाडं कबूल करतोय त्यात आज वारज्याच्या पुढे घर मिळेल. तुम्ही वारज्याला गेलात तर बाबांचा टेकडीवरचा ग्रुप तुटला, आईचं मृत्युंजयेश्वर तुटलं, डॉक्टर लांब गेले, आणि सत्तरीत नवीन गल्लीत नवी किराणावाली, नवी मोलकरीण हे सगळं परत जुळवायचं. समोरच्या सोसायटीतले काका-काकू असेच हिंजवडीकडे मुलाच्या फ्लॅटवर गेले, काका परत आलेच नाहीत, काकूंनी चावी एकटीने घेतली. तुम्हाला घाबरवत नाहीये, पण ही गोष्ट मीटिंगमध्ये कुणी काढत नाही, सगळे पार्किंगवर भांडतात.

म्हणून माझं म्हणणं असं की टक्के एक-दोन कमी झाले तरी चालतील, पण भाडं आजच्या कोथरूडच्या रेटने, दरवर्षी दहा टक्के वाढ, वर्षभराचे चेक आधी, ब्रोकरेज आणि दोन्ही वेळचं शिफ्टिंग त्याच्याकडून. प्रोजेक्ट लांबला तर ताबा मिळेपर्यंत भाडं चालू आणि वर दंड. वरचा जो फरक पडेल तो मी आणि दादा देऊ, घर मात्र याच भागात आणि लिफ्टचं. हे नातवंडांच्या थ्री बीएचकेपेक्षा आम्हाला कितीतरी स्वस्त पडेल.

अजून एक, कॉर्पसचे, म्हणजे बिल्डर एकरकमी देतो ते, पाच लाख ऐकून आई खूश झालीये. आई, सात टक्क्यांनी त्याचे महिन्याला तीन हजारही होत नाहीत, आणि नव्या बिल्डिंगचा मेंटेनन्स लिफ्ट, जनरेटर, वॉचमन धरून पाच-सहा हजार कुठेच गेला नाही. क्लब हाऊस आणि गच्चीवरचं गार्डन वगैरे जे ब्रोशरमध्ये दाखवतायत त्याचं बिल आपणच भरायचंय. आत्ता आपण आठशे भरतो आणि त्यावरही बाबा एजीएममध्ये प्रश्न विचारतात.

कायद्याचं थोडं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खाली सरकारचा 4 जुलै 2019 चा आदेश आहे, त्यात टेंडर मागवा, विशेष सभा घ्या, रजिस्ट्रारचा माणूस बोलवा, शूटिंग करा, एकूण मेंबरांपैकी 51 टक्क्यांची मंजुरी घ्या, बिल्डरकडून प्रोजेक्ट खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी घ्या असं सगळं आहे. पण कोर्टांनी अनेकदा म्हटलंय की हे मार्गदर्शक आहे, अक्षरशः बंधनकारक नाही, म्हणून पुण्यात कित्येक ठिकाणी बँक गॅरंटी नुसती चर्चेतच राहते. त्यामुळे जे हवंय ते करारात लिहून घ्यायचं. महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, नाव घेऊन बिल्डरचा तो माणूस तुम्हाला निश्चिंत करत असेल तर ती नोंदणी मुख्यतः त्याच्या विकायच्या फ्लॅट्ससाठी असते, जुन्या मेंबरांना तीच ढाल आपोआप मिळत नाही. आणि घर रिकामं करायचं ते बांधकामाच्या सगळ्या परवानग्या हातात आल्यावर, "पंधरा दिवसात येतेय" वर नाही.

बाबा, एक काम तुमचं, तुमच्याइतक्या फाइली कुणाकडेच नाहीत. जमीन सोसायटीच्या नावावर झालीये का ते बघा, म्हणजे कन्व्हेयन्स. माझ्या आठवणीत तुम्ही नव्वद साली त्या मूळ बिल्डरकडे चकरा मारायचात आणि तो चहा पाजून परत पाठवायचा. झालं नसेल तर आधी डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज, म्हणजे मूळ बिल्डर करून देत नाही म्हणून सरकारकडूनच जमीन नावावर करून घ्यायची, मग बाकीचं, नाहीतर सातबाऱ्यावरचे वारस ऐन वेळी उगवतात आणि पाडलेली बिल्डिंग तशीच राहते.

वकील मी बघितलाय, टिळक रोडला बसतो, करार वाचून मराठीत समजावून सांगतो. फी मी देतेय, त्यावर वाद नको. मीटिंगची तारीख ठरली की कळवा, शनिवार असेल तर मी येतेच. तोपर्यंत संमतीपत्र, हजेरीपत्रक, काहीही पुढे केलं तरी सही करू नका, सेक्रेटरी काका घरी आले तर आईने पोहे करावेत आणि बाबांना पेन सापडू नये.

तुमची,
मनू

ता.क. आंब्याचं झाड ठेवणार का हेही लेखी विचारा. नाही म्हणाला तर नाही, पण विचारा.