अक्षता टाकल्या नाहीत

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. व्हॉट्सॲपवर एवढं लांब मला लिहिता येत नाही, आणि ते दोन निळे टिक दिसले की उत्तराची वाट बघत बसावं लागतं. पत्राला ती भानगड नाही.

तू म्हणालीस तसं तुझ्या नावाच्या अक्षता टाकल्या नाहीत. सिद्धेश्वराच्या यात्रेत, देवाच्या लग्नाला, संमती कट्ट्यावर गेलो होतो. नंदीध्वजांच्या सातही काठ्या आल्या, सगळी गर्दी हात वर करून उभी. मी आमची मूठ टाकली आणि तुझी खिशात ठेवली. घरी आल्यावर तुझ्या आईनं शर्ट धुवायला घेतला, खिसा उलटा केला, आणि समजायचं ते समजली. बोलली काहीच नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे तुला माहीत आहे.

आत्या फोनवर जे बोलली ते मीही ऐकलं. "त्या लेकराचं मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." तू फोन कापलास ते बरं केलंस. बापाच्या हातचा मार खाऊन जे पोर मेलं, त्याच्याच खात्यावर त्याचा मार लिहायचा, हा कुठला हिशोब? मारणारा सुटला, बघणारे सुटले, देवसुद्धा सुटला, आणि अडकलं कोण तर ते चिमुरडं. एवढी वर्षं देवळात जातो मी, पण हे मला कधी पटलं नाही. आत्याला पटतं, कारण तिला पटवून घ्यावं लागलं. तिचं आयुष्य तू पाहिलंयस.

रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसते, असं मागं म्हणाली होतीस. अजून बसायलीस का? थंडी आहे आता.

तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. "देवाला दिसत होतं आणि त्यानं हात धरला नाही. मलाही दिसलं होतं, अप्पा. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?" तेव्हा तुझी आई शेजारी होती म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. आता सांगतो. तुझ्या दवाखान्यात ते पोर आधी एकदा खोकल्यासाठी आलं होतं. दंडावर जुना डाग होता, त्याची आई म्हणाली पडला, आणि बाहेर ओपीडीची रांग दारापर्यंत. तुला डाग दिसला, घर नाही दिसलं. देव म्हणून जो कोणी असेल, त्याला घरही दिसत होतं आणि पुढची रात्रही. फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही. त्याला जाब विचार, हवा तेवढा विचार. फक्त त्याच्या जागी स्वतःला उभं करू नकोस. ती जागा तुझी नाही.

देवाला जाब विचारणं म्हणजे पाप, असं आत्या म्हणेल. तिला मंगळवेढ्याची आठवण करून द्यायला पाहिजे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच गाव आहे, तासाभराच्या वाटेवर. चौदाव्या शतकात तिथं गावकुसाचं बांधकाम चालू होतं, वेठीला धरलेली माणसं होती, भिंत पडली, आणि त्या ढिगाऱ्याखाली चोखोबा गेले. जन्मभर विठ्ठल विठ्ठल केलेला माणूस. विठ्ठलानं भिंत धरली नाही. पुढं शंभरेक वर्षांनी त्याच मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, आणि तेव्हा म्हणे विठ्ठल धावत बिदरला गेला, धान्याचे पैसे भरून आला. तेही कुणाचं रूप घेऊन, तर चोखोबांच्याच जातीच्या माणसाचं! लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं. मोठेपणी ऐकली तेव्हा राग आला. सरकारी धान्याच्या पावतीसाठी वेळ आहे, आणि भिंतीखालच्या माणसासाठी नाही?

चोखोबांच्या मुलानं, कर्ममेळ्यानं, हे सरळ तोंडावर विचारलंय. आम्हाला हीन जातीत घातलंस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, अशा अर्थाचा त्याचा अभंग आहे. आणि वारकऱ्यांनी तो टाकून दिला नाही, सांभाळला. तेव्हा तुझी जागा ठरलेली आहे, तू काही नवीन पाप करत नाहीस.

पण आणखी एक आहे. वेठीला कुणी धरलं होतं? विठ्ठलानं नाही. चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभं केलं, ते बडव्यांनी आणि गावानं. त्या दारातून आत जायला पुढच्या कितीतरी पिढ्यांना 1947 साल बघावं लागलं. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठं ते उघडलं. दार माणसांनी लावलं होतं, माणसांनीच उघडलं. त्या बापाचंही तसंच. पोराच्या अंगावर हात उचलायचा की खाली घ्यायचा, हे त्या क्षणी त्याच्या हातात होतं. दारू होती, धंदा बुडाला होता, असं तू म्हणालीस. असेल. आपल्या पूर्व भागात माग बंद पडून कितीजण घरी बसले, सगळ्यांनी पोरं मारली नाहीत. देवावर सगळं ढकललं की हा माणूस मधून निसटतो, ते मला नको आहे.

बघ, कीर्तन सुरू झालं माझं. राहू दे. तू डॉक्टर आहेस, मी आयुष्यभर एक्स-रेची बटणं दाबणारा माणूस.

त्र्याण्णवच्या भूकंपाचं ऐकून तुला कंटाळा आलाय, तरी लिहितो. 30 सप्टेंबर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. आपल्याकडं नुसती फळीवरची भांडी खाली आली. उजाडल्यावर उमरगा-नळदुर्गाच्या रस्त्यानं ट्रक, एसटी, टेम्पो, जे मिळेल त्यात किल्लारीकडची माणसं यायला लागली. डार्करूममध्ये फिल्म वाळवायला जागा उरली नव्हती. ओल्याच हातात धरून डॉक्टरांकडं पळायचो, हायपोचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. एका म्हाताऱ्याच्या बरगड्या गेल्या होत्या. टेबलावर झोपवला तर मला विचारतो, "गणपतीला नीट बोळवला होता की आम्ही. मग काय चुकलं?" मी म्हणालो, बाबा, श्वास धरा, हलू नका.

तिथं कुणी हात उचलला नव्हता, जमीन हलली होती. नंतर जाणकार म्हणाले, भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचे मातीचे थर यांनी माणसं मारली. म्हणजे पुन्हा थोडं माणसाकडं येतं. पण गरिबानं घर बांधायचं कशानं? जे रानात मिळतं त्यानंच. तेव्हा तिथला हिशोब मला आजपर्यंत लागलेला नाही, आणि देवाला मी त्यातून मोकळं केलेलं नाही. तरी सिद्धेश्वराला जातो. कसं, ते विचारू नकोस. भांडण झालं म्हणून कुणी घर सोडत नाही, असंच काहीतरी असेल.

तुझ्या आईनं सोडलं होतं. दादाच्या वेळी वर्षभर ती देवघराकडं पाठ करून जेवायची. निरांजन मीच लावायचो, तेल कमी पडायचं तरी ती आणून द्यायची नाही. मग एका श्रावणात आपणहून वाती वळायला बसली. काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तुला देव मानायला लावायचं म्हणून हे लिहीत नाही. तू मानू नकोस. दहा वर्षं मानू नकोस. पण आपल्या गच्चीच्या दाराला कुलूप कशासाठी आहे, हे तुला सांगायला नको. म्हणून सारखं विचारतो. रागावू नकोस.

एक मात्र तुला कुणी सांगितलं नसेल. शेवटच्या रात्री ते पोर आणलं तेव्हा बाप म्हणत होता जिन्यावरून पडलं, आणि नातेवाईक बॉडी लवकर द्या म्हणून अंगावर येत होते. तरी तू एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद केलीस, जुन्या-नव्या खुणा वेगवेगळ्या लिहिल्यास, पोलिसांना जबाब दिलास. उद्या कोर्टात तुझंच लिहिणं बोलेल. शेजारच्या काकांना मी हे सांगितलं, दोनदा सांगितलं. तुला आवडणार नाही, पण सांगितलं.

सुट्टी मागून घे. नाही दिली तर निदान रात्रपाळी बदलून माग. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नकोस, डॉक्टर असलीस तरी. तुमच्याकडं मानसोपचार विभाग आहे, तिथं पेशंट म्हणून जायला लाजायचं नाही. आम्ही तेव्हा लाजलो. तुझ्या खोलीतल्या त्या नांदेडच्या मुलीचा नंबर मला पाठव. रोज फोन करणार नाही, नुसता असू दे.

आणि रविवारी मी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतोय. येऊ नका म्हणालीस तरी येणार, तिकीट काढलंय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई बांधून देणार आहे. स्टेशनवर येऊ नकोस, झोप. मी रिक्षानं येईन. ड्यूटी असेल तर खाली बसेन, दवाखान्यात बसायची मला सवय आहे.

तुझे,
अप्पा

ता. क. आत्याला मी बोललो. जरा जास्तच बोललो, ती रडली. तू तिला फोन करायची गरज नाही, पण तिचा आला तर उचल.