एन ई म्हणजे काय, सर?

सांगली,
११ जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "मैदान सोडून हा आता कागदांच्या नादी लागला." शेजारी माणसं बसली होती म्हणून तेव्हा काही बोललो नाही. पण मनाला लागलं ते. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्या अपंग खेळाडूंच्या संस्थेची घटना दुरुस्त करायचं काम सर्वसाधारण सभेनं माझ्यावर सोपवलं आहे. जुनी घटना तुला आठवत असेल, टाइपरायटरवरची चौदा पानं. सभासद वर्गणी, गणपूर्ती, बँक खात्यावर कोणाच्या सह्या, सगळं आहे त्यात. खेळाडूला तक्रार असेल तर तिनं कुठं जायचं, याबद्दल एक ओळ नाही. चेंज रिपोर्ट म्हणजे बदलाची नोंद, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, त्या फेऱ्या मी मारीनच. पण हे काम मी का घेतलं, ते ऐक.

सात वर्षांपूर्वी आपण एका पोरीला परराज्यात राष्ट्रीय स्पर्धेला नेलं होतं. तू नव्हतास तेव्हा, नागपूरला बदली झाली होती तुझी. भालाफेक. जन्माच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या गेल्या होत्या तिच्या, उजवा हात कमजोर. भाला डाव्या हातानं टाकायची. क्लासिफिकेशनच्या, म्हणजे अपंगत्व मोजून गट ठरवायच्या खोलीत डॉक्टरांनी तिचा हात धरला, कोन मोजायची ती प्लॅस्टिकची पट्टी खांद्याला लावली, "माझ्या तळव्यावर जोर दे" म्हणाले. तिनं दिला. दात-ओठ खाऊन दिला रे. तिला वाटलं, जितका जास्त जोर तितकं चांगलं. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. दुपारी भिंतीवर यादी लागली. तिच्या नावापुढं दोन अक्षरं होती: एन ई. ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, एन ई म्हणजे काय? नेक्स्ट इयर?"

नॉट एलिजिबल. अपात्र.

का अपात्र, कितीनं कमी पडली, कुणीच सांगितलं नाही. मी टेबलाकडं गेलो तर म्हणाले, अर्ज राज्य संघटनेमार्फत यायला हवा. संघटनेचा माणूस जेवायला गेला होता. तो येईपर्यंत मुदत संपली. त्या पोरीनं पुन्हा भाला हातात घेतला नाही.

बंड्या, माझं दुखणं पुढं आहे. घरी आल्यावर मी आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीची वर्गीकरण संहिता मिळवली आणि पहिल्यांदा नीट वाचली. मेक्सिको सिटीच्या सभेत २०१५ मध्ये मंजूर झालेली, २०१७ पासून लागू असलेली. त्यात स्पष्ट होतं की किमान अपंगत्वाच्या निकषात बसत नाही म्हणून एखाद्याला अपात्र ठरवलं, तर दुसऱ्या पॅनेलनं त्याला पुन्हा तपासायचं. आपल्या देशातल्या स्पर्धेला ते कितपत लागू, यावर वाद झाला असता. पण वाद घालायला आधी वाचलेलं तरी असावं लागतं. मी प्रशिक्षक म्हणवून घेत होतो आणि वाचलेलं नव्हतं. तेव्हापासून मी कागदांच्या नादी लागलोय.

आता वाचत गेलो तसं दिसत गेलं की या प्रत्येक नियमामागं कुठली तरी जखम आहे. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयाच्या हिरवळीवर डॉक्टर गटमन यांनी १६ जखमी सैनिकांना धनुष्यबाण दिले, तेव्हा फार नियम लागत नव्हते. नंतर मणक्याची इजा कुठल्या पातळीवर आहे त्यावरून गट पडायचे, म्हणजे दवाखान्यातली फाइल तीच खेळातली कॅटेगरी. आपल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहले आणि ३७.३३ सेकंदांत सुवर्ण घेऊन आले, तो हा काळ. आजार कोणता यापेक्षा खेळताना शरीर काय करू शकतं ते बघायचं, हा विचार नंतर रुजला.

मग २००० चं सिडनी. स्पेननं बौद्धिक अपंगत्व गटात बास्केटबॉलचं सुवर्ण घेतलं आणि १२ पैकी १० खेळाडूंना कसलंच अपंगत्व नव्हतं असं निघालं. शिक्षा कुणाला झाली? त्या गटातल्या जगभरातल्या खऱ्या खेळाडूंना. अथेन्स गेलं, बीजिंग गेलं, २०१२ च्या लंडनला त्यांना परत घेतलं. बारा वर्षं, बंड्या. खेळाडूचं अख्खं वय असतं ते. म्हणून नियम कडक हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कडक नियमही माणसाला कुठं नेऊन सोडतो बघ. व्हीलचेअर बास्केटबॉलचे स्वतःचे निकष सैल होते. कायमच्या दुखापतीमुळं धावता-उडी मारता येत नसेल, तर खेळता यायचं. २०२० च्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय समितीनं बजावलं की संहितेप्रमाणं खेळाडू पुन्हा तपासा, नाहीतर टोकियोला तुमचा खेळच नसेल. त्यात ब्रिटनचा जॉर्ज बेट्स अपात्र ठरला. त्याच्या पायात सततच्या वेदनेचा विकार आहे, आणि तो विकार पात्र अपंगत्वांच्या यादीत बसत नाही. खेळता यावं म्हणून पाय कापून घ्यायचा विचार त्याच्या मनात आला, असं त्यानं जाहीर सांगितलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि टोकियोतच आपला विनोद कुमार. थाळीफेकीत कांस्य मिळालं, देशभर पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पॅनेल म्हणालं, याला एफ-५२ या गटात बसवता येत नाही, निकाल रद्द. पॅनेल चूक की बरोबर, ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. पण पदक गळ्यात यायच्या वेळी हे का कळावं? हे घरी, आधी, वेळ हातात असताना कळायला हवं. नवी संहिता २०२४ च्या मे महिन्यात तिबिलिसीच्या सभेत मंजूर झाली आणि उन्हाळी खेळांना २०२५ पासून लागू आहे. आता ती आली त्या दिवशीच वाचायला घेतली.

आता रशियाचं. युद्धाबद्दलचं तुझं-माझं मत बाजूला ठेव, फक्त कार्यपद्धती बघ. २०२२ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय समितीच्या बर्लिनमधल्या विशेष सभेनं रशियाच्या पॅरालिम्पिक समितीला ६४ विरुद्ध ३९ मतांनी निलंबित केलं. त्यांनी अपील केलं आणि पुढच्या वर्षी समितीच्याच स्वतंत्र अपील लवादानं तो ठराव रद्द केला. मग बहारीनमध्ये नव्यानं मतदान, अंशतः निलंबन, आणि २०२५ मध्ये सोलला पूर्ण सदस्यत्व परत. मला त्यातला लवाद महत्त्वाचा वाटतो. सभेचं बहुमत झालं तरी त्याच्यावर बसलेलं कुणीतरी आहे, आणि सभेनं ते मान्य केलं. एवढ्या मोठ्या देशाच्या समितीला दाद मागायला दार होतं. आपल्या पोरीला नव्हतं.

अजून एक. जगाच्या पॅरा चळवळीची ही शिखर संस्था ॲथलेटिक्स, जलतरण असे दहा खेळही स्वतःच चालवायची. ते टप्प्याटप्प्यानं वेगळे करायचं २०२१ मध्ये सभासदांनी ठरवलं, घटनाही नवी केली. आपल्याकडं बघ: सचिव निवड समितीत, सचिवच तक्रार समितीत. आपला सचिव देवमाणूस आहे, मला माहीत आहे. पण त्याच्यानंतर येणारा कसा असेल? आपली राष्ट्रीय समिती २०१५ मध्ये अंतर्गत भांडणांपायी आंतरराष्ट्रीय समितीनं निलंबित केली होती. रिओच्या आधी निलंबन उठलं म्हणून निभावलं. मोठी माणसं भांडतात, आणि खेळाडू कुठल्या झेंड्याखाली जाणार त्याची काळजी करत सराव करतो.

तर माझ्या मसुद्यात चार गोष्टी आहेत. खेळाडूबद्दलचा कुठलाही निर्णय कारणासह लेखी, आणि तिला वाचता येईल अशा मराठीत. अपील खेळाडू स्वतः करील, कुणामार्फत नाही. अपील ऐकणारे तिघं कार्यकारिणीबाहेरचे. आणि कार्यकारिणीत निम्मे तरी सध्या खेळणारे किंवा खेळून गेलेले, तुझ्या-माझ्यासारखे. या चौथ्यावरच सगळ्यात जास्त विरोध होणार. "खेळाडूंना कारभारातलं काय कळतं" असं एक जण आत्ताच म्हणून गेला. कर्णबधिर खेळाडूंची जागतिक संघटना १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीतून बाहेर पडली. त्यांच्या स्पर्धा १९२४ पासूनच्या. एवढे जुने लोक बाहेर जाऊन स्वतःचा कारभार स्वतः बघतात, हे मी त्याला सांगितलं. पटलं की नाही, कळलं नाही.

सभा २२ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी दहाला. ठराव मी मांडीन, अनुमोदन तू द्यायचंस. तू संस्थापक सभासद, तुझ्या शब्दाला वजन आहे. मसुदा सोबत पाठवतोय. पान तीनवरचं अपिलाचं कलम लाल पेनानं वाच, आणि मुदत पंधरा दिवस पुरेल का ते कळव. मला एक महिना हवा आहे, कारण गावाकडच्या पोराला कागद पोचायलाच आठवडा जातो.

त्या पोरीलाही मी निरोप धाडलाय. आता ती तासगावात शिवणकाम करते. येते म्हणाली.

हॉलला पुढून पायऱ्या आहेत, मागच्या दारानं ये. तिथं उतार केलाय, खुर्ची सरळ आत जाते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या