व्हिएतनाममध्ये परके फक्त अमेरिकनच होते?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला व्हिएतनाम युद्धावरचा पानभर लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्म्याने आणि दुसऱ्यांदा भिंग घेऊन. राखाडी पट्ट्यावर पांढरी अक्षरं छापण्याची हौस तुमच्या सजावटवाल्यांना हल्ली फारच जडली आहे. साठीपुढच्या वाचकांनी वर्गणी तेवढी भरावी, वाचायचा हट्ट धरू नये, असं धोरण असेल तर तसं कळवा.

लेखकमहाशयांची शैली झकास, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या लेखात सगळे व्हिएतनामी एका बाजूला आणि सगळे अमेरिकन दुसऱ्या बाजूला. मग अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातले दोन लाखांहून अधिक जवान मेले, ते कोण होते? ५८ हजार अमेरिकनांचा आकडा चौकटीत ठळक, आणि यांच्या वाट्याला अर्धी ओळ नाही. १९६५ पासून कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनाममध्ये चीनचे विमानविरोधी तोफखान्याचे आणि रस्ते-रेल्वे दुरुस्तीचे लोक येत गेले, एकूण तीन लाखांच्या वर. रशियाची क्षेपणास्त्रं होती. दक्षिणेत दक्षिण कोरियाचेही तीन लाखांवर सैनिक येऊन लढून गेले. परक्यांची लुडबुड मोजायला बसलात, तर सगळ्यांची मोजा की! मला अमेरिकेची वकिली करायची नाही. माय लाई गावात अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांचं काय केलं ते मलाही ठाऊक आहे, आणि दोन्ही व्हिएतनाम एक करण्यासाठी ठरलेली १९५६ ची निवडणूक दक्षिणेचे अध्यक्ष दिएम यांनी होऊ दिली नाही तेव्हा त्यांच्या पाठीवर कोणाचा हात होता तेही.

माझा खरा राग वेगळा आहे. पानभर मजकुरात भारताचं नाव एकदाही नाही! व्हिएतनामचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात कॅनडा, पोलंड आणि आपण होतो, आणि अध्यक्षपद आपल्याकडे होतं. माझे थोरले मामा लष्करात कारकून. त्यांची नेमणूक आयोगाच्या सायगावच्या, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतल्या कचेरीत झाली होती. डिसेंबर १९६१ मध्ये अमेरिकेचं ‘कोअर’ नावाचं जहाज तीसहून अधिक हेलिकॉप्टरं घेऊन सायगावच्या धक्क्याला लागलं. भर शहरात, नदीच्या काठाला, दिवसाढवळ्या. आणि आयोगाने काय करायचं? तर दक्षिणेच्या सरकारला अदबीने पत्र लिहून विचारायचं, की असं काही आलं आहे काय. मामा म्हणायचे, “टाइप मी करायचो. उत्तर येणार नाही, हे शिपायालासुद्धा माहीत असायचं.” उत्तरेतही निराळं काही नव्हतं. पथकाला कुठे जायचं तर आधी कळवा, मग त्यांचा अधिकारी सोबत येणार, मग गाडी निघणार. तोवर बघण्यासारखं काही जागेवर राहील तर शपथ.

तरीही जून १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडा यांनी दोघांनाही धारेवर धरलं. उत्तर दक्षिणेत माणसं आणि हत्यारं घुसवते आणि दक्षिण कराराबाहेर जाऊन अमेरिकेची लष्करी मदत घेते, असं स्पष्ट लिहिलं. पोलंडने सही केली नाही. आपल्या अलिप्ततेची टिंगल करायला सगळे पुढे असतात. हा अहवाल मात्र कोणाला आठवत नाही, कारण तो कोणाच्याच सोयीचा नाही. तुमच्या लेखकालाही नसावा.

१८ ऑक्टोबर १९६५ ला आयोगाचं विमान लाओसमधल्या व्हिएनतिआनहून उत्तरेची राजधानी हनोईला जाताना नाहीसं झालं. १३ माणसं होती, त्यात आपलीही. मामा तोवर परत आले होते, पण त्याच फेरीने ते स्वतः गेले-आले होते. आमच्या जिल्ह्यात युद्धस्मारकं कमी नाहीत. पण या नोकरीची नोंद कुठे करायची हेच कोणाला ठरवता आलं नसावं. मामांच्या निवृत्तीच्या कागदांत सायगावचा उल्लेख नाही म्हणून त्यांनी बरीच वर्षं एका कचेरीत खेटे घातले. तिथल्या साहेबांनी त्यांना विचारलं, “तिकडे आपलं युद्ध कधी झालं?”

ज्यांनी रेशनचा लाल मिलो (अमेरिकेहून आलेली ज्वारी) खाल्ला आहे, त्यांना आणखी एक सांगतो. त्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सनसाहेब आपल्याकडे येणाऱ्या गव्हाची जहाजं अडकवून हप्त्याहप्त्याने सोडत, त्यामागे व्हिएतनामवरचं दिल्लीचं बोलणं हेही एक कारण होतं. हा मुद्दा पानभर लेखात बसला नाही. सायगाव पडताना गच्चीवरून माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा फोटो मात्र चार कॉलम बसला.

आणि त्या फोटोखालची ओळही चूक आहे. २९ एप्रिल १९७५ चं ते छायाचित्र अमेरिकी दूतावासाच्या गच्चीवरचं नाही. ती जवळच्या झिया लाँग रस्त्यावरची निवासी इमारत आहे. ही चूक जगभर होते हे खरं, पण तुम्ही ‘दुर्मीळ माहिती’ अशी पाटी लावून ती छापली आहे. दुरुस्ती छापावी, आणि कृपया पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा